गावच्या गाण्याचं साल

वऱ्हाडात रचलेल्या एका लग्नगीताचं गाव माहीत आहे, रचणारीचं नाव माहीत आहे, नवरदेव कोण होता तेही माहीत आहे. साल अगदी नेमकं सांगता आलं नाही तरी दशक सांगता येतं. गाव रिद्धपूर, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती. रचणारी महादाइसा, जिला महदंबाही म्हणतात. नवरदेव गोविंदप्रभू, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे गुरू, तेव्हा पिकल्या वयाचे. काळ तेराव्या शतकाचं नववं दशक. सातशे वर्षांपूर्वीच्या गाण्याबद्दल एवढी माहिती हाताशी असणं ही चैनच म्हणायची. त्याच पंचक्रोशीत दरवर्षी कोजागिरीपर्यंत म्हटली जाणारी भुलाबाईची गाणी कोणी केली, कधी केली, याचा पत्ता कोणालाच नाही.

लोकसंगीताच्या अभ्यासात हा प्रश्न जुना आहे. नाट्यपदाला प्रयोगाची तारीख असते, सिनेमाच्या गाण्याला तबकडीचा क्रमांक असतो. मळ्यात, जात्यावर, पारावर म्हटल्या जाणाऱ्या गाण्याला काय असतं? अमेरिकेतल्या गावरान गाण्याच्या चाहत्यांनी या प्रश्नाचं उत्तर केव्हाच देऊन टाकलं आहे. 1927 च्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावी उतरला. डोंगरातून आलेल्या गाणाऱ्यांची गाणी त्याने तबकड्यांवर घेतली. त्यांत कार्टर कुटुंब होतं, जिमी रॉजर्स होता. तिकडे त्या उन्हाळ्याला कंट्री संगीताचा जन्म म्हणतात, आणि 1998 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने ब्रिस्टलला तसा अधिकृत मानही दिला. गंमत अशी, की कार्टर कुटुंबाची बरीचशी गाणी त्याआधीच डोंगराळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या फिरत होती. 1927 हे गाणं जन्मल्याचं साल नाहीच. गाणं पकडलं गेल्याचं ते साल.

हा फरक डोक्यात ठेवून वऱ्हाडाकडे पाहिलं, तर इथेही अशी दोन-तीन सालं सापडतात. त्यांतलं सर्वांत जुनं रिद्धपुरात आहे.

चक्रधरस्वामींनी 1274 च्या सुमारास उत्तरापंथे गमन केलं, तेव्हा त्यांचा शिष्यपरिवार नागदेवाचार्यांच्या मागोमाग रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या सेवेत येऊन राहिला. म्हाइंभटांनी इथेच, वाजेश्वरीच्या परिसरात, लोकांकडून आठवणी गोळा करून 1278 च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केलं. पाहिलेल्या माणसाला गाठायचं, त्याच्या तोंडून ऐकायचं, सांगणारा कोण तेही नोंदवायचं, अशी ती पद्धत. आजच्या लोकसाहित्याच्या अभ्यासकालाही तिच्यात फारशी खोट काढता यायची नाही. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे एका अर्थाने ऐकून लिहिण्याचा पहिला मोठा उद्योग. त्याच मंडळीत महादाइसा होती. प्रश्न विचारून भल्याभल्यांना अडवणारी म्हणून तिची ख्याती. लीळाचरित्रात ती जिथे जिथे येते तिथे काहीतरी विचारतच असते.

गोविंदप्रभूंचं वागणं लहान मुलासारखं लहरी. त्यांना एकदा लग्नाची लहर आली. भक्तांनी ती मोडून न काढता मनावर घेतली आणि लग्नाचा सगळा थाट उभा केला. लग्न म्हटलं की गाणं आलंच. महादाइसेला धवळे गायला सांगितलं आणि तिने तिथल्या तिथे कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचून गायले, अशी पंथाची परंपरा आहे. पूर्वार्ध या प्रसंगाचा, उत्तरार्ध नंतरचा. दोन्ही मिळून दीडशेच्या आसपास धवळे होतात. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून महादाइसेचं नाव घेतात ते यांच्यावरूनच.

विषयाची निवडही पाहण्यासारखी आहे. रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर, आणि परंपरा ज्या कौंडण्यपूरला हा मान देते ते गाव वर्धा नदीच्या काठी, तिवसा तालुक्यात, म्हणजे आजच्या त्याच अमरावती जिल्ह्यात आहे. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातूनच कृष्णाने तिला नेलं, असं शहरातले लोक आजही सांगतात. रिद्धपुरातल्या बायकांपुढे महादाइसा गात होती ती कुठल्या परमुलखातल्या राजकन्येची गोष्ट नव्हती. आपल्याच भागातली लेक सासरी निघाल्याचं ते गाणं होतं.

धवळे म्हणजे पहिलं लोकगीत, असं विधान अधूनमधून छापून येतं. ते टिकत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या मानसोल्लासात लग्नप्रसंगी गायच्या धवलाचा उल्लेख आहे, आणि महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात हेही त्याने नोंदवून ठेवलं आहे. शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरातही धवल आणि ओवी दोन्ही येतात, आणि तो ग्रंथ देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकातच झालेला. म्हणजे महादाइसेने धवळ्याचा प्रकार शोधून काढला नाही. हळदीच्या ओट्यावर बायकांच्या तोंडी तो आधीपासून होता. तिने त्यात पुराणातली कथा बसवली, आणि तिच्या नशिबाने भोवतालची मंडळी लिहिणारी होती. या दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व कमी लेखलं जातं. इतर गावांतल्या लग्नांत त्या दशकात गायलेले धवळे हवेत विरले. रिद्धपूरचे राहिले, कारण त्या गावात बोरू आणि शाई यांची ददात नव्हती.

तरीही जे राहिलं ते अर्धंच. शब्द आले, चाल आली नाही. आणि शब्दही सरळ आले नाहीत. परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली आणि पाठांतराच्या बळावर ती पुन्हा उभी करावी लागली. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांच्या खटपटीने ती कुलुपं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उघडली. यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी 1925 मध्ये महानुभावीय मराठी वाङ्मयाचा आढावा प्रसिद्ध केला, आणि बुलढाणा जिल्ह्यातून आलेल्या वि. भि. कोलत्यांचं लीळाचरित्राचं संपादन 1978 मध्ये निघालं. सहाशे वर्षं गाणं पोथीत आणि पोथी फडक्यात.

आता मधली शतकं सोडून थेट 1956 ला यायला हवं. मधल्या काळात गाणी नव्हती असं कोण म्हणेल? नोंदी नव्हत्या.

1956 हे वऱ्हाडच्या गावगाण्याचं सर्वांत मोठं साल आहे, असं म्हटलं तर काहींना ते पटणार नाही. त्या वर्षी एखादी नवी चाल आली नाही, नवं वाद्य आलं नाही. पण त्या वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जे घडलं त्याने गावात कोण गातं, काय गातं आणि कोणासाठी गातं, हे सगळंच हललं.

14 ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वऱ्हाडातून माणसं मिळेल त्या वाहनाने, पायीसुद्धा, तिकडे गेली होती. तिथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांचा अर्थ गावच्या संगीतापुरता बघितला तरी जबरदस्त आहे. मरीआईपुढे वाजवणं, देवीच्या नावाने पोतराज सोडणं, गावकीच्या मानपानात ठरलेल्या जागी उभं राहून वाद्य बडवणं, ही कामं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या गळ्यात होती त्यांनी ती टाकली. वाजवणारे हात तेच राहिले, त्यांच्यापुढचा देव उठला. आंबेडकरी जलसे त्याआधीपासून होतेच; नाशिककडच्या भीमराव कर्डकांचे जलसे 1930 च्या दशकातले. पण दीक्षेनंतर, आणि 6 डिसेंबरच्या महापरिनिर्वाणानंतर तर विशेषच, भीमगीत हा घराघरातला प्रकार झाला. वामनदादा कर्डकांसारखे गाणारे गावोगाव फिरू लागले. बायकांच्या ओवीत विठोबाच्या जागी भीमराव आले. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांच्या अशा ओव्या 1996 मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. त्या ऐकताना लक्षात येतं की चाल जात्याचीच राहिली, नवस बदलला.

त्याच हिवाळ्यात दुसरी घटना मुंबईत घडली, पण माणूस वऱ्हाडचा. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्याने आखली गेली आणि वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर आठवड्याने, 8 नोव्हेंबरला, वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात गाडगेबाबांचं कीर्तन झालं. ते त्यांचं शेवटचं मोठं कीर्तन, आणि ते ध्वनिमुद्रित झालं. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा, 1876 मध्ये जन्मलेला, अक्षरओळख नसलेला हा माणूस पन्नास वर्षं गावोगाव कीर्तन करत फिरला. त्याची एवढी तरी बोली यंत्रात उतरली.

हे ध्वनिमुद्रण मुद्दाम बसून ऐकावं असं आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग असतो, आख्यान असतं, पेटी-तबल्याची साथ असते. इथे त्यातलं काही नाही. बाबा प्रश्न टाकतात आणि लोकांकडून उत्तर वसूल करतात. समोरचा गप्प बसला तर प्रश्न पुन्हा येतो, थोडा तिरका होऊन. कर्ज, दारू, देवापुढचं कोंबडं-बकरं, पोरांची शाळा, एकामागून एक विषय अस्सल वऱ्हाडीत निघतात. मधेच तुकोबांचा अभंग येतो, कबीराचा दोहा येतो. श्रोते अंगावर आलेल्या प्रश्नाने अवघडले की नेमका त्याच क्षणी नामाचा गजर सुरू होतो आणि सगळी सभा त्यात सुटते. गाणं इथे श्वास घ्यायला जागा देतं. छापलेलं कीर्तन वाचून ही वेळ साधण्याचं कसब कळत नाही. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी आणि गो. नी. दांडेकरांनी बाबांची चरित्रं लिहिली, उत्तम लिहिली, पण प्रश्न आणि गजर यांच्या मधली ती अर्ध्या क्षणाची शांतता कागदावर आणणं त्यांनाही शक्य नव्हतं. महादाइसेच्या धवळ्यांबाबत जे कायमचं हरवलं, ते इथे थोडक्यात वाचलं.

20 डिसेंबर 1956 ला अमरावतीजवळ वलगावपाशी, पेढी नदीच्या पुलाजवळ बाबा गेले. बाबासाहेबांना जाऊन चौदा दिवस झाले होते.

तिसरं नाव तुकडोजी महाराजांचं, आणि त्यांचं साल ठरवणं अवघड आहे. 1909 मध्ये अमरावतीजवळच्या यावलीत जन्म. 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज. 1942 च्या ऑगस्टमध्ये आष्टी आणि चिमूर पेटलं, तेव्हा त्यांची भजनं लोकांच्या तोंडी होती. सरकारने त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजन म्हटल्याबद्दल संशयित ठरणं, याहून मोठी पावती गाणाऱ्याला कोणती मिळणार! 1955 मध्ये ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, तिथेही खंजिरी सोबत होती. त्याच सुमारास 41 अध्यायांची ग्रामगीता आली. 11 ऑक्टोबर 1968 ला ते गेले.

खंजिरी हे वाद्य जवळून पाहिलं तर त्याचं यश कळतं. लाकडाचं कडं, एका बाजूने ताणलेलं कातडं, कडेला खाचा पाडून बसवलेल्या पितळी चकत्या. एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. पखवाज लावायला जाणता माणूस लागतो, पेटीला पैसा लागतो. खंजिरी शेतमजुरालाही परवडते आणि सायकलच्या हँडलला अडकवून नेता येते. ताल आणि झांज एकाच हातात. तुकडोजींनी भजनाला जी लष्करी शिस्त आणि चपळाई दिली, तिच्यात या वाद्याचा वाटा मोठा आहे. म्हणून वऱ्हाडात त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं भजनमंडळ नसलेलं गाव शोधावं लागतं. मोझरीला अश्विन वद्य पंचमीला संध्याकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी जो मौन श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो, त्याला लाखाने माणसं जमतात. एरवी एवढी गर्दी गात असते. त्या वेळी ती गप्प उभी राहते.

मात्र एक कुरकुर नोंदवायला हवी. महाराज गेल्यानंतर खंजिरी भजन टिकलं, पण बरंचसं त्यांच्याच पदांवर टिकलं. स्पर्धा होतात, गणवेश चकचकीत असतात, चाली पाठ असतात. नवं पद करणारा मात्र विरळा. ज्या माणसाने चालू विषयावर रातोरात भजन रचलं, त्याच्या परंपरेत आता मागची भजनंच पुन्हा पुन्हा घोटली जातात.

ज्यांना साल नाही अशा गाण्यांकडे वळलं की आढावा घेणाऱ्याची पंचाईत होते. भुलाबाईचंच पाहा. भाद्रपद पौर्णिमेला मातीच्या भुलाबाई-भुलोजी बसतात आणि महिनाभर, कोजागिरीपर्यंत, पोरी संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत फिरतात. गाणी संपली की खाऊ ओळखायचा. डबा हलवून बघायचा, वास घ्यायचा, शेंगदाणे की फुटाणे यावर वाद घालायचा. कोजागिरीला भुलाबाईला ज्वारीच्या धांड्यांचा मखर लागतो. गेल्या तीसेक वर्षांत वऱ्हाडाच्या शिवारात सोयाबीन पसरलं, ज्वारी मागे सरली, आणि मखरासाठी धांडे मागून आणायची वेळ अनेक घरांवर आली. गाण्यावर पिकाचा असा परिणाम होतो हे लोकगीतांच्या संग्रहांत कुठे लिहिलेलं नसतं.

पां. श्र. गोऱ्यांसारख्यांनी वऱ्हाडी लोकगीतं गोळा करून छापली, पुढे मधुकर वाकोड्यांसारख्या अभ्यासकांनी या भागाच्या लोककलांवर आयुष्य घातलं. शब्दांची बाजू त्यामुळे बरी आहे. आवाजाची बाजू फार कच्ची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो अफाट संग्रह केला, ज्यात लाखाहून जास्त ओव्या आहेत, त्याचं मुख्य क्षेत्र पुणे जिल्हा आणि त्या बाजूची गावं. तशा तोडीचं काम वऱ्हाडात झालं असतं तर आज डहाक्याच्या रात्री, महादेवाला पचमढीकडे निघालेल्या जत्रेकरूंची गाणी, दंडारीतले सवाल यांवर बोलताना केवळ आठवणींवर विसंबावं लागलं नसतं. मेळघाटातल्या कोरकूंची गाणी तर भाषाच वेगळी म्हणून मराठीवाल्यांच्या हिशेबात धरली जात नाहीत. ती कसर कोणीतरी वेगळ्या लेखात भरून काढावी.

बिनसालाच्या या गर्दीत एक प्रकार उलटा आहे. पोळ्याच्या झडत्या. बैल तोरणाखाली उभे राहिले की एकेक जण पुढे येऊन झडती म्हणतो, शेवटी महादेवाच्या नावाचा गजर होतो आणि दुसरा सरसावतो. जुन्या झडत्या असतातच. पण टाळी मिळते ती यंदाच्या झडतीला. कापसाचा भाव, कर्जमाफीचा फॉर्म, बियाण्याची पिशवी, आमदाराचा पक्षबदल, सगळं त्यात येतं. पुढच्या पोळ्याला तीच झडती म्हटली तर लोक तोंड फिरवतात. म्हणजे वऱ्हाडच्या गाण्यांत स्वतःच्या पोटात साल घेऊन येणारा प्रकार हाच, आणि नेमका तोच कोणी जपून ठेवलेला नाही. गेल्या पन्नास वर्षांच्या झडत्या गाववार लिहून ठेवल्या असत्या तर कापूसपट्ट्याचा इतिहास सरकारी अहवालांपेक्षा मोकळ्या भाषेत वाचता आला असता.

गावाबाहेर गेलेल्या वऱ्हाडी गाण्याची कथा थोडक्यात सांगता येते. 16 जुलै 1948 ला नागपूर आकाशवाणी सुरू झाली आणि विदर्भातल्या आवाजांना पहिल्यांदा हक्काचा माइक मिळाला. 1981 च्या ‘अरे संसार संसार’ या चित्रपटातून विठ्ठल वाघांची तिफणीवरची कविता अनिल-अरुण यांच्या संगीतात महाराष्ट्रभर गेली. अकोल्याकडची पेरणी तिने पुण्या-मुंबईच्या घरात पोहोचवली, पण पडद्यावर जाताना बोलीचे कंगोरे थोडे घासले गेले. पुढे कॅसेटी आल्या. यात्रेतल्या दुकानांत भजनं आणि भीमगीतं शेजारी शेजारी वाजू लागली. या कॅसेटींनी गाणारे घरोघर पोहोचवले हे खरं, मात्र कित्येकींच्या वेष्टनावर साल नसायचं. यंत्र आलं म्हणजे नोंद झाली, असं होत नाही.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. 2023 च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली, कायदा झाला, आणि डॉ. अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हाही रिद्धपूरचं आणि लीळाचरित्राचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं गेलं. विद्यापीठाकडून लोकांच्या अपेक्षा पोथ्या, लिप्या, संपादनं अशा आहेत, आणि त्या रास्तच आहेत. पण म्हाइंभटांची खरी गादी चालवायची असेल तर ऐकणाऱ्यांची एक फळी बाहेर पाठवावी लागेल, आणि ती पोळा, भुलाबाई, अश्विन पंचमी, 14 ऑक्टोबर अशा तारखा धरून. पुस्तकी सर्वेक्षणाने हे साधत नाही. भुलाबाई महिनाभरच बसते, आणि उरलेले अकरा महिने तिची गाणी म्हणायला सांगितलं तर म्हाताऱ्या बायका लाजतात.

सामग्री आता दुर्मीळ राहिलेली नाही, उलट सांडते आहे. पोळ्याच्या दिवशी गावागावातली पोरं झडत्या मोबाइलवर घेतात आणि संध्याकाळपर्यंत त्या तालुकाभर फिरतात. फाइलीवर तारीख असते, मिनिटासकट. गाव कोणतं, म्हणणारा कोण, झडती त्याची स्वतःची की आज्याकडून आलेली, यातलं काही त्यावर नसतं, आणि फोन बदलला की तीही जाते. एवढ्या तीन गोष्टी विचारून लिहून घ्यायला तालुक्याच्या कॉलेजातली मराठीची मुलं पुरेशी आहेत. येत्या श्रावण अमावस्येपासून हे काम सुरू करायला कोणत्याही अनुदानाची गरज पडायची नाही.